महाविद्यालयीन मूल्यांकनातील विद्यार्थ्यांचे स्थान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : उच्च शिक्षणाच्या केंद्रस्थानी विद्यार्थी असावा, हा विचार शैक्षणिक धोरणांतून वारंवार मांडला गेला आहे. तथापि महाविद्यालयाचा दर्जा ठरविताना विद्यार्थ्याच्या मताला किती वजन मिळाले, हा प्रश्न बव्हंशी दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी : मध्ययुगीन बोलोन्या विद्यापीठात विद्यार्थिसंघांचे अध्यापकांवर नियंत्रण होते, व्याख्यानास उशीर करणाऱ्या अध्यापकास दंड होत असे. याउलट मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८५७ मध्ये स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर प्रामुख्याने परीक्षा घेणारी होती. तेथे विद्यार्थी केवळ परीक्षार्थी होता.

नॅक आणि विद्यार्थी : १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या शिफारशींतून १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (नॅक) स्थापन झाली. प्रारंभीची तारांकन पद्धती, २००२ ची नऊ श्रेणींची रचना आणि २००७ ची गुणांक सरासरी या तिन्ही टप्प्यांत निर्णायक भूमिका तज्ज्ञ समितीचीच होती. समिती विद्यार्थ्यांशी संवाद साधत असे. परंतु त्या संवादाला स्वतंत्र गुण नव्हते. नॅकने २००६ हे वर्ष गुणवत्ता प्रक्रियेतील विद्यार्थी सहभागाचे वर्ष म्हणून घोषित केले, ही या दिशेने महत्त्वाची घटना होय.

२०१७ च्या सुधारित आराखड्यात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण समाविष्ट झाले. अभ्यासक्रम किती पूर्ण झाला, अध्यापकांची पूर्वतयारी कशी होती, अंतर्गत मूल्यमापन निःपक्षपाती होते का, असे प्रश्न थेट विद्यार्थ्यांना विचारले जाऊ लागले. मात्र त्यास १००० पैकी ५० गुण होते. शिवाय महाविद्यालयासाठी १० टक्के किंवा १०० यांपैकी कमी असलेली प्रतिसादसंख्या पुरेशी मानली गेली. म्हणजेच ३००० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात सुमारे ३ टक्क्यांचे मत सर्वांचे प्रतिनिधित्व करू शकते.

निष्कर्ष : विद्यार्थी परीक्षार्थीपासून प्रतिसादक झाला, मूल्यांकनकर्ता मात्र झाला नाही. समाधान नोंदविणे आणि दर्जाचे निकष ठरविणे यांत मूलभूत अंतर आहे. जानेवारी २०२४ मध्ये श्रेणींऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ अशी द्विमान पद्धती आणण्याचे जाहीर झाले. पद्धती कोणतीही असो, विद्यार्थ्यांच्या सूचनांवर कोणती कार्यवाही झाली हे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने दरवर्षी विद्यार्थ्यांनाच कळविणे आवश्यक आहे. अन्यथा सर्वेक्षण ही केवळ कागदोपत्री पूर्तता ठरेल आणि ज्याचे आयुष्य या दर्जावर अवलंबून आहे, तोच निर्णयाबाहेर राहील.