आपला कागद आपणच राखला पाहिजे!

जगातले छपाईची तारीख असलेले सर्वात जुने पुस्तक कोणते? बरेच जण गुटेनबर्गच्या बायबलचे नाव घेतील. ते खरे नाही. तो मान एका बौद्ध ग्रंथाचा आहे. वज्रच्छेदिका सूत्राची ही चिनी प्रत 11 मे 868 रोजीची, म्हणजे गुटेनबर्गच्या जवळपास 600 वर्षे आधीची.

या प्रतीच्या शेवटी छापले आहे की, वांग जिए या माणसाने आपल्या आई-वडिलांच्या वतीने, सर्वांना मोफत वाटण्यासाठी ती करवून घेतली. आता आपल्याकडे पाहा. शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात शिसे आणि लाख ओतावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. एक परंपरा ज्ञान फुकट वाटते, दुसरी ऐकणाऱ्याचे कान बंद करते. हा फरक आज पुराव्यासह सांगता येतो, कारण एक कागद टिकला.

तो टिकला कसा? चीनमध्ये डुनहुआंगजवळच्या मोगाओ लेण्यांची डागडुजी वांग युआनलू हा ताओ पंथाचा साधू करत होता. 1900 साली वाळू उपसताना भिंतीआड बंद केलेली एक खोली सापडली. आत हजारो हस्तलिखिते होती. ती 11 व्या शतकाच्या सुरुवातीला बंद झाली होती आणि वाळवंटाच्या कोरड्या हवेने कागद वाचवला. 1907 मध्ये ऑरेल स्टाईनने सुमारे 130 पौंडांत पेट्या भरभरून ग्रंथ नेले. त्यांतच हे सूत्रही गेले. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ज्यांना आपल्या वारशाची किंमत कळत नाही, त्यांचा वारसा दुसऱ्याच्या कपाटात जातो!

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मजबुतीसाठी या गुंडाळीला मागून कागदाचे अस्तर चिकटवले गेले होते. हेतू चांगला होता, पण त्याच अस्तराचा मूळ कागदावर ताण येऊ लागला. ते अलगद सोडवून दुरुस्ती करायला तज्ज्ञांना काही वर्षे लागली. काम 2010 मध्ये संपले.

मित्रांनो, आज मुंबईतल्या बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. या चाळींनी बाबासाहेबांची चळवळ जगवली. त्यांच्या पोटमाळ्यांवरच्या ट्रंकांत जलशांच्या वह्या, सभांची हँडबिले, वर्गणीच्या पावत्या, जुने अंक असतील, तर ते रद्दीत जाऊ देणार का?

असा कागद हाती आला तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. घडी जोराने उलगडू नका. आधी फोटो काढा. कोणाच्या घरी, कधी, कुठे मिळाला ते वेगळ्या कागदावर लिहा. ओल आणि उन्हापासून दूर ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' 1987 मध्ये छापले गेले, म्हणजे त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 31 वर्षांनी. तेही कागद जपले गेले म्हणूनच! जो समाज आपले कागद राखत नाही, त्याचा इतिहास त्याचे विरोधक लिहितात.

जयभीम!