नांवांतील मधली जागा

ज्युबिलीच्या या मंगल वर्षीं पूर्वजांचें स्मरण करितांना त्यांच्या नांवांचेंहि स्मरण करणें उचित होय. बालकाच्या पहिल्या नांवास शोभेल असें दुसरें नांव कोणतें, हा प्रश्न स्नानसंस्कारापूर्वीं घरोघर निघतो. त्यामागें बराच इतिहास आहे.

महाराष्ट्रांत नांवांतील मधली जागा पित्याची. ती कोणी निवडीत नाहीं. आडनांवाचेंहि तसेंच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंड कुटुंबांत मडावी, आत्राम यांसारख्या आडनांवावरून कूळ कळतें, आणि सोयरीक कोठें जुळूं शकेल हेंहि ठरतें. मग संताचें नांव घालावें कोठें?

१९१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या लॅटिन धर्मविधिसंहितेंत यास उत्तर होतें. आईबापांनीं ख्रिस्ती नांव न दिल्यास धर्मगुरूनें त्यास एखाद्या संताचें नांव जोडावें आणि नोंदवहींत दोन्ही लिहावीं. मूळ नांव पुसून टाकावें असें तींत नव्हतें. १९८३ च्या संहितेनें, ख्रिस्ती भावनेस परकें नांव नसावें, एवढीच अपेक्षा ठेविली.

१९६२ सालीं चांद्यास सिरो-मलबार परंपरेचा धर्मविभाग स्थापन होऊन सी. एम. आय. या कार्मेल संघाकडे सोपविण्यांत आला. १९७७ सालीं त्याचा धर्मप्रांत झाला. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हां चांदा जिल्ह्यांतच होता. तो १९८२ सालीं वेगळा झाला. केरळांतील या परंपरेंत पहिल्या मुलास पित्याच्या पित्याचें नांव देतात. म्हणून थोमा, औसेफ, मरियम हीं नांवें पिढ्यान् पिढ्या चालत आलीं. नातवांत आजा पाहण्याची चाल आम्हां मराठी घरांसहि नवी नाहीं.

ज्यास आजोबांचें नांव ठेवावयाचें नसेल, त्यानें अर्थ पाहावा. ज्योतीस लुसिया शोभतें, कारण त्या नांवाचें मूळ प्रकाशवाचक लॅटिन शब्दांत आहे. त्या संतिणीचा सण १३ डिसेंबरचा. शांतीस आयरीन, विजयास व्हिक्टर, देवदत्तास मत्तय, म्हणजे ईश्वराचें दान. अशा जोडींत घरचें नांव मागें पडत नाहीं, आणि संताचें नांव उपरें वाटत नाहीं.

मात्र एक सावधगिरी हवी. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या बाबतींत महाराष्ट्र शासनाच्या कागदपत्रांत बालकाचें, आईचें, पित्याचें नांव व आडनांव या क्रमानें लेखन ठरलें आहे. त्यांत संताचें नांव घालावयाचें कीं केवळ देवळाच्या नोंदवहींत ठेवावयाचें, हें आधींच ठरवावें. नाहींतर पुढें विवाहाच्या वा परदेशगमनाच्या वेळीं, दोन्ही कागदांवरील माणूस एकच आहे, हें त्या लेकरासच सिद्ध करीत बसावें लागतें.

शासनानें आईस नांवांत जागा दिली, याचा आम्हांस आनंद वाटतो. आमच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत पित्याशेजारीं आईचें नांव लिहिण्याचा नियम तर १९१७ च्या संहितेंतहि होता. जुनीं पानें उलगडून पाहावीं: रानांतल्या कितीएक माउलींचें नांव शाईनें लिहिलें गेलें असेल, तर तें तेथेंच. प्रभु त्यांच्या लेकरांस सदैव नांवानें हांक मारो.