नंबर फॉरमॅट, मॅक्रो-फॉर्ममधील

स्प्रेडशीटमध्ये मॅक्रोने उघडणाऱ्या फॉर्मच्या चौकटीत आकडा कसा दिसतो आणि त्याची किंमत काय धरली जाते, यांची गल्लत झाल्याने होणारा दोष. एक्सेलच्या यूजरफॉर्ममधील टेक्स्टबॉक्स आकडा ठेवतच नाही. त्यात असतो तो मजकूर. म्हणून दोन चौकटींतील १२५ आणि ५० अधिक चिन्हाने जोडले की १७५ नव्हे, १२५५० मिळतात. भुसावळ तालुक्यातील वरणगावच्या केळीपट्ट्यातला साधा हिशेब घ्या: १८५.५० क्विंटल माल, क्विंटलला १,३५० रुपये दर. रक्कम २,५०,४२५ रुपये अशी स्वल्पविरामांसह चौकटीत नीट दिसते. मॅक्रोने ती ‘व्हॅल’ फंक्शनने परत वाचली तर ते पहिल्या स्वल्पविरामाशी थांबते आणि हाती दोन रुपये उरतात. दोष फॉरमॅटमध्ये नाही, सजवलेला मजकूर पुन्हा संख्या म्हणून वाचण्यात आहे. मूळ संख्या वेगळ्या चलात जपावी, चौकट केवळ दाखवण्यासाठी ठेवावी.

यावर ‘सीडबल’ वापरा, ते स्वल्पविराम ओळखते, असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे. रिकामी चौकट मिळाली की ते ‘टाइप मिसमॅच’ म्हणजे १३ क्रमांकाची चूक देऊन थांबते. भारतीय सेटिंगमध्ये स्वल्पविराम कुठे पडला हेही ते पाहत नाही. दशांश चिन्हाऐवजी चुकून १८५,५० टाइप झाले तर ते १८५५० धरते. वजन शंभरपट होते आणि सूचना मात्र येत नाही. ‘इजन्युमरिक’ची तपासणीही ही नोंद बिनतक्रार सोडते, तेव्हा संभाव्य वजनाची कमाल मर्यादा फॉर्मनेच तपासली पाहिजे. देवनागरी अंक घ्यायचे असतील तर ते आधी इंग्रजी अंकांत बदलावे लागतात. व्हीबीएच्या संपादकात देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात, म्हणून कोडमध्ये हे अंक ‘सीएचआरडब्ल्यू’ने २४०६ ते २४१५ या क्रमांकांनी लिहावेत.

टाइप करतानाच लाख-कोटींचे गट पडले तर शून्ये मोजावी लागत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. बिल भरणाऱ्याची ती खरी गरज आहे. परंतु ‘चेंज’ घटनेत फॉरमॅट केले तर पहिला १ टाइप होताच त्याचे १.०० होते आणि पुढचे अंक भलतीकडे पडतात. गट पाडलेली रक्कम शेजारच्या लेबलात दाखवावी आणि चौकटीतला फॉरमॅट ‘एक्झिट’ घटनेत, चौकट सोडताना करावा.