पायाभूत ऑन्टॉलॉजी : अभियांत्रिकीतील उपयोग

एखाद्या क्षेत्रात कोणत्या गोष्टी आहेत आणि त्यांचे परस्परांशी नाते काय, याची संगणकाला वापरता येईल अशी काटेकोर मांडणी म्हणजे ऑन्टॉलॉजी. पंप, व्हॉल्व्ह, बेअरिंग यांची मांडणी ही क्षेत्रीय ऑन्टॉलॉजी. वस्तू, घटना, गुण, भूमिका अशा सर्वच क्षेत्रांना लागू पडणाऱ्या वर्गांची मांडणी ही पायाभूत. द्रव्य, गुण, कर्म असे पदार्थ मोजणारे वैशेषिक दर्शन ज्याने वाचले आहे, त्याला हा उद्योग मुळीच परका वाटणार नाही.

अभियंत्याला या तत्त्वचर्चेची गरज का पडावी? तेलशुद्धीकरण कारखान्याच्या आराखड्यावर समजा पी-१०१ नावाचा पंप आहे. तो निकामी झाला की काढून दुसरा बसवतात. आराखड्यावर आणि सगळ्यांच्या तोंडी पी-१०१ कायम राहतो. मग पी-१०१ म्हणजे ती जागा, की अनुक्रमांक कोरलेले यंत्र? कामगारांचे या प्रश्नाच्या उत्तरावाचून काही अडत नाही. संगणकाने मात्र दोन्ही एकच मानले, तर जुन्या पंपाच्या दुरुस्त्या नव्याच्या खात्यावर जमा होतात. तेल-वायू उद्योगातील आयएसओ १५९२६ या मानकाने वस्तूला काळातही विस्तार असतो असे धरून हा पेच सोडवला: यंत्र जेवढा काळ जागेवर असते, तेवढा तुकडा दोघांचा सामाईक. हिशेब चोख, पण रोजच्या बोलण्यापासून फार दूर.

बफेलो विद्यापीठाचे तत्त्वज्ञ बॅरी स्मिथ यांनी या मानकावर २००६ मध्ये कडक टीका केली. त्यांच्या पुढाकाराने घडलेल्या बीएफओ या पायाभूत ऑन्टॉलॉजीत टिकून राहणाऱ्या वस्तू आणि घडत जाणाऱ्या प्रक्रिया मुळातच वेगळ्या आहेत: पंप एका बाजूला, उपसा दुसऱ्या.

वर्गीकरणातील चुका पकडण्यासाठी निकोला ग्वारिनो आणि ख्रिस वेल्टी यांची ऑन्टोक्लीन पद्धत कामी येते. ‘बेअरिंग हा स्पेअर पार्टचा एक प्रकार’ ही नोंद निरुपद्रवी दिसते. पण बेअरिंग शेवटपर्यंत बेअरिंगच असते; स्पेअर ते बसवले जाईपर्यंतच. या वर्गीकरणानुसार यंत्रात बसताच त्याचे बेअरिंगपणही संपायला हवे! स्पेअर असणे ही भूमिका आहे, जात नव्हे, एवढे ओळखले की नोंद दुरुस्त होते.

पाया पक्का असला तरी क्षेत्राचे ज्ञान त्यातून आपोआप उगवत नाही. पंपाला किती दाब झेपेल हे अभियंत्यालाच सांगावे लागते. तरी असे पाये आता मानक म्हणूनही स्वीकारले गेले आहेत: बीएफओ २०२१ मध्ये आणि ग्वारिनो यांच्या गटाची डॉल्चे ही पायाभूत ऑन्टॉलॉजी २०२३ मध्ये आयएसओ/आयईसी २१८३८ या मानकमालेत आली. उत्पादन उद्योगासाठी काम करणाऱ्या इंडस्ट्रियल ऑन्टॉलॉजीज फाउंड्रीने आपली मूळ ऑन्टॉलॉजी बीएफओवरच उभारली आहे.