ताऱ्यांचें फिरणें आणि त्यांचें चुंबकत्व

आपला सूर्य तारकाकुलांतला एक सामान्य सभासद आहे, कीं त्याची रीतच निराळी? सूर्यबिंबावरील काळे डाग हीं प्रबळ चुंबकत्वाचीं ठाणीं आहेत, हें अमेरिकेंतील माउंट विल्सन वेधशाळेंत जॉर्ज हेल यांनीं १९०८ मध्यें वर्णपटाच्या साहाय्यानें सिद्ध केलें. परंतु इतर तारे आपणांस केवळ प्रकाशबिंदू; त्यांजवरील डाग पाहावयाचे कसे?

त्याच वेधशाळेंतील ओलिन विल्सन यांनीं निराळा मार्ग धरला. सूर्यावर जेथें चुंबकत्व प्रबळ, तेथें वर्णपटाच्या जांभळ्या टोकाकडील कॅल्शियमच्या दोन काळ्या रेषांच्या गाभ्यांत उजेडाची तिरीप दिसते. सूर्याच्या आसपासच्या तपमानाच्या व त्याहून थंड अशा ९१ ताऱ्यांच्या या तिरिपी ते १९६६ पासून मोजीत राहिले. सूर्यावरील डागांचें चक्र सुमारें ११ वर्षांचें. तेव्हां उत्तरहि तितक्याच धीराचें होतें. १९७८ मध्यें त्यांनीं तें प्रसिद्ध केलें: अनेक ताऱ्यांत असेंच चढउताराचें चक्र चालतें. सूर्य एकटा नव्हता.

मध्यंतरी १९७२ मध्यें अँड्र्यू स्कुमानिच यांनीं कृत्तिका, रोहिणीभोंवतालचा पुंज व सूर्य यांची तुलना करून एक सोपा नियम मांडला: ताऱ्याचें वय चौपट झालें, कीं त्याची गिरकी निम्म्यावर येते, आणि ती तिरीपहि तशीच मंदावते. कारण असें. ताऱ्याच्या अंतरंगांत खळखळणारे तप्त वायु व त्याची गिरकी यांतून चुंबकत्व उपजतें; तेंच चुंबकत्व बाहेर वाहणाऱ्या वायूस धरून ताऱ्याचा वेग हळूहळू हिरावून घेतें. ज्या गिरकीनें चुंबकत्व जन्मास घातलें, तिचाच तें घास घेतें!

क्ष-किरण आपल्या वातावरणांतून खालीं येत नाहींत. १९७८ मध्यें सोडलेल्या आइन्स्टाइन उपग्रहानें ते टिपले, आणि १९८१ मध्यें पालाव्हिचिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं थंड ताऱ्यांत वेग दुप्पट तर क्ष-किरण सुमारें चौपट. मात्र यासहि सीमा आहे. अत्यंत वेगानें फिरणारा तारा आपल्या एकंदर तेजाचा साधारण सहस्रांश क्ष-किरणांत देतो. त्यापुढें वेग कितीहि वाढो, हें प्रमाण वाढत नाहीं. सूर्याचा वांटा दशलक्षांश वा त्याहूनहि अल्प.

सूर्याचें वय सुमारें ४६० कोटि वर्षें. तारुण्यांत तोहि गरगर फिरत असला पाहिजे, व बाल पृथ्वीवर क्ष-किरणांचा मारा करीत असला पाहिजे. आज त्यास एका फेऱ्यास विषुववृत्तावर सुमारें २५ दिवस लागतात. त्या मंदावलेल्या चालीच्या छायेंतच आपण सुखानें नांदत आहों.