तडजोडीत काय सोडलं, काय राखलं

मराठीत ‘तडजोड’ म्हटलं की आपल्याला आधी माघार ऐकू येते. उर्दूत तिलाच ‘समझौता’ म्हणतात आणि त्या शब्दात ‘समझ’ आहे. दोन्ही भाषा शिकवताना हा फरक मला नेहमी जाणवतो. तडजोडीत समज कुठे असते, हे पाहायचं तर अमेरिकेचा १९६४ चा नागरी हक्क कायदा पाहावा.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन डेमोक्रॅटिक पक्षाचे. सिनेटच्या १०० जागांपैकी ६७ त्यांच्याच पक्षाकडे. चर्चा थांबवून विधेयक मतदानाला आणायला तेव्हा तेवढीच मतं पुरत. कागदावर हिशेब जुळत होता. पण दक्षिणेकडच्या राज्यांतले त्यांच्याच पक्षाचे सिनेटर कृष्णवर्णीयांना समान हक्क द्यायला तयार नव्हते. भाषणं लांबवून विधेयक मारायचं, हा त्यांचा डाव. त्यांचे पुढारी होते जॉर्जियाचे रिचर्ड रसेल, म्हणजे जॉन्सन यांचेच राजकारणातले जुने मार्गदर्शक.

मग जॉन्सन यांनी विरोधी पक्षाकडे वळायचं ठरवलं. रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांना विश्वासात घ्या, श्रेयही त्यांना मिळू द्या, असं त्यांनी विधेयकाची बाजू सांभाळणाऱ्या ह्युबर्ट हम्फ्री यांना सांगितलं.

डर्कसन यांनी अर्थातच किंमत मागितली. नोकरीतला भेदभाव रोखण्यासाठी नवा आयोग येणार होता. त्याला स्वतः खटला भरायचा अधिकार मिळणार होता, तो काढून घेतला गेला. ज्या राज्यांत आधीच अशी यंत्रणा होती, तिथे तक्रार प्रथम तिच्याकडे न्यायची असं ठरलं. पण वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश पाहून नोकरी नाकारता येणार नाही, हे कलम राहिलं. हॉटेल आणि थिएटरची दारं रंग पाहून बंद करता येणार नाहीत, हेही राहिलं.

१० जून १९६४ रोजी चर्चा थांबवण्याच्या बाजूने ७१ मतं पडली, विरोधात २९. त्या ७१ मधली २७ रिपब्लिकनांची होती. ती नसती तर विधेयक तिथेच अडलं असतं. २ जुलैला जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली.

या तडजोडीची किंमत सभागृहातल्या कुणी मोजली नाही. ती मोजली नोकरी नाकारलेल्या माणसाने. आयोग त्याची तक्रार ऐकून समेट घडवू शकत होता. ते जमलं नाही, तर बहुतेक वेळा त्याला स्वतःच कोर्टाची पायरी चढावी लागे. खटला भरायचा अधिकार आयोगाला मिळाला तो १९७२ मध्ये, आठ वर्षांनी.

पुढे तुलसा शहरातल्या एका मुस्लिम मुलीला हिजाबमुळे कपड्यांच्या दुकानात नोकरी नाकारली गेली, तेव्हा तिच्यासाठी याच आयोगाने खटला लढवला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी आयोगाच्या बाजूने निकाल दिला.

म्हणून आपल्या वतीने कुणी नेता तडजोड करून आला की त्याला लगेच गद्दार म्हणू नये आणि लगेच हारही घालू नये. आधी विचारावं, की हक्क सोडलास की हक्क मिळवायचं एखादं साधन? साधन पुन्हा मागता येतं. डर्कसन यांनी काढून घेतलेला अधिकार आठ वर्षांनी परत आला, कारण ज्या कलमासाठी तो हवा होता ते कलम कायद्यात शाबूत होतं.