उपवासाचें आम्ल

एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर भागविणाऱ्याच्या शरीरांत फारशी उलथापालथ होत नाहीं. जो दोन-तीन दिवस खरोखर निराहार राहतो, त्याच्या श्वासाला मात्र पिकल्या फळासारखा वास येऊं लागतो. सांठविलेली साखर सरली कीं यकृत चरबीपासून 'कीटोन' द्रव्यें तयार करतें. त्यांत बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्लाचें प्रमाण सर्वांत अधिक. वास येतो तो त्याच्या भावंडाचा, म्हणजे अ‍ॅसिटोनाचा. या आम्लाचा इतिहास हा पुष्कळ अंशीं एका गैरसमजाचा इतिहास आहे.

मधुमेह आपल्याकडे नवा नव्हे. प्रमेही माणसाच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें चरकसंहितेंत नमूद आहे. परंतु असा रोगी बेशुद्ध होऊन कां मरतो, या कोड्याचा उलगडा एकोणिसाव्या शतकांत होऊं लागला. १८५७ सालीं पेटर्स यानें मधुमेही रोग्याच्या मूत्रांत अ‍ॅसिटोन ओळखलें. १८७४ सालीं कुसमाउल यानें मरणोन्मुख रोग्यांचा भात्यासारखा खोल श्वास वर्णिला. आणि १८८४ च्या सुमारास मिन्कोव्स्की व क्यूल्झ यांनीं, एकमेकांवर न विसंबतां, तें आम्ल शोधून काढलें. त्यावर विषाचा शिक्का बसला, आणि तो अगदींच निराधार नव्हता. ११ जानेवारी १९२२ रोजीं टोरांटो येथें लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचा अर्क टोंचला, तो बहुतांशीं वायां गेला. २३ तारखेपासून कॉलिप यानें शुद्ध केलेला अर्क दिला, तेव्हां मुलाच्या मूत्रांतील कीटोन नाहींसे झाले. मृत्यूच्या दारांतून मूल परतल्याची ती खूण होती.

पुढें १९६७ सालीं निराळाच साक्षीदार उभा राहिला. बोस्टनच्या ओवेन, केहिल प्रभृतींनीं कित्येक आठवडे उपवास केलेल्या माणसांचें रक्त तपासलें, तों मेंदू आपल्या इंधनाचा मोठा भाग याच कीटोनांतून घेत असल्याचें आढळलें! म्हणजे आरोपी तें आम्ल नव्हे, तर इन्शुलिनचा अभाव. इन्शुलिन हा बांध आहे. तो असेल तर चरबी बेतानें वितळते; फुटला, तर तेंच अन्न पूर होऊन रक्त आंबवतें.

हा बांध आपल्यांत कां कमकुवत व्हावा? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांत माता व अर्भकें यांचा अभ्यास केला. तेथील बालकें इंग्लंडांतील बालकांहून वजनानें बरींच कमी, सरासरी सुमारें २.७ किलो, पण त्यांची चरबी त्या मानानें कमी नव्हती. देह कृश, आंत मेद! सडपातळ माणसानें निश्चिंत राहूं नये, हा त्यांतील बोध.

तो वाशीसारख्या गांवीं विशेष लागू पडतो. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, त्यापूर्वीं या खाडीकांठीं भातखाचरें, मिठागरें व मासेमारी यांवर प्रपंच चाले. १९७३ सालीं खाडीवर पूल झाला. पुढें धान्य-साखरेचा घाऊक बाजार आला, आणि राबणाऱ्यांचीं नातवंडें खुर्चीवर बसूं लागलीं.

म्हणून घरांतल्या मधुमेह्याला उलट्या, खोल श्वास व फळासारखा वास हीं लक्षणें दिसतील, तर तें उपवासाचें पित्त समजून घटकाभरही वाट पाहूं नये. तडक रुग्णालय गांठावें. इन्शुलिन येण्यापूर्वीं ज्यावर इलाज नव्हता, त्यावर आज आहे. तो वेळेवर करणें मात्र आपल्या हातीं आहे.